दंत्य

दादरच्या डेंटिस्टनं छोटा आरसा तोंडात घातला
आणि नर्सला म्हणाला, हे बघ, फावडं.
समोरच्या दातांची पाठ, दोन्ही कडा उचललेल्या, मध्ये खोलगट.
आपल्याकडं कमी दिसतं असं.
तुमच्या घरात कुणी पूर्वेकडचं?

तोंडात कापसाचे बोळे होते,
नाहीतर सांगितलं असतं:
आई राजापूरची. द्वारका गुरव.
माझगावात एका चिनी दातवाल्याकडं
चिमटे उकळायची, फरशी पुसायची,
बासष्टच्या दिवाळीपर्यंत.
मग दुकानाला कुलूप.
मग मी.

तिनं मला तीन बाप सांगितले.
एक बोटीवर गेला, एक टायफॉइडनं गेला,
आणि तिसरा, तिला एकशेतीन ताप असताना:
कवळ्या करायचा गं. हात ऊबदार होते.
ताप उतरला तसा तोही उतरला,
पुन्हा विचारलं तर म्हणाली, काय बडबडले असेन.
शाळेत जाताना माझं काजळ ती
डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर ओढायची, डोळे मोठे दिसावेत म्हणून.
मधल्या सुट्टीपर्यंत ते गालावर यायचं
आणि पोरं ओरडायची, ए नेपाळी.
मीही मान हलवायची. नेपाळी तर नेपाळी.
निदान देशाला नाव होतं.

ती गेल्यावर वॉर्ड ऑफिसात गेले.
कारकुनानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.
बापाचे नाव, आणि पुढे शाईची एक आडवी रेघ.
एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मी पोरांना दटावलं:
आधी अक्षरं काढा रे, शिरोरेघ मग.
इथं कुणीतरी रेघ आधी ओढून
उठून गेलं होतं.

माझगावच्या चिनी देवळात, जिना चढून वर,
म्हातारे लिओंग चहात पाव बुडवत होते.
मी कागदावर ती रेघ काढून दाखवली, हसत, म्हणजे हसल्यासारखं करत.
त्यांनी चष्मा पुसला.
बाई, आमच्यात ही नुसती रेघ नाय. हा आकडा आहे. एक.
मग माझ्याकडं बघत राहिले, फार वेळ,
आणि म्हणाले, त्या साली लय लोकं गेली.
कोण कलकत्त्याला, कोण राजस्थानात छावणीत, कोण कुठं.
दातवाले तर तीन होते.
उरलेला पाव त्यांनी मला दिला.

अँटॉप हिलच्या त्यांच्या दफनभूमीत
दगडांवर नावं उभी कोरलेली, वरून खाली.
मराठीची शिक्षिका मी,
एकही अक्षर लागत नव्हतं.
एका दगडावरचं शेवाळ नखानं खरवडलं,
का, ते माहीत नाही.
वॉचमन म्हणाला, तुमचं कोण?
म्हटलं, बघतेय.

काल रात्री मात्र झोप येईना तेव्हा
वर्णमाला म्हणत बसले, जुनी सवय.
कंठ्य, तालव्य, मूर्धन्य.
त थ द ध न.
जीभ त्या खोलगट जागेला टेकली आणि तिथंच राहिली.
आई म्हणताना ती कुठंच लागत नाही.
बाप म्हणताना नुसते ओठ मिटतात.
पण तांदूळ, धुणं, थांब, दिवा लाव, नको,
दिवसभर मी घरात जे जे बोलते
ते त्याच्या दारावर टकटक करून बाहेर पडतं.
साठ वर्षं मी त्याच्याशी मराठीत बोलतेय.
आणि हिचं नाव?
द्वारका.
त्याला टेकल्याशिवाय मला तेही घेता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, डावीकडचा हलतोय, काढावा लागेल.
गुरुवारची वेळ दिलीय.
अजून हो म्हटलेलं नाही.